मेलेल्यांशी भांडणारा सुतार

ब्रंडम गावात रूबेन थर्केटलला लोक सुतार म्हणून ओळखत होतेच, पण त्याहून जास्त मेलेल्यांशी भांडणारा माणूस म्हणून ओळखत. जिवंत माणसाशी त्याचं भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही. त्याची बायको नेटी सांगायची, "बत्तीस वर्षं झाली लग्नाला, एकदा आवाज चढवला असेल तर शपथ. पण कुणाच्या घरचा गिलावा खरवडला आणि आतलं लाकूड दिसलं, की याच्या तोंडाला कुलूप राहत नाही."

खरंच राहत नसे. सफोक परगण्यातली आमची जुनी घरं ओकच्या सांगाड्यावर उभी. खांबाच्या खाचेत तुळईचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, तिच्यात आरपार लाकडी खुंटी, मधल्या जागेत कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. चारशे वर्षांत प्रत्येक घरात निदान दहा कुटुंबं नांदून गेली, आणि प्रत्येकाला काही ना काही हवं होतं. कुणाला खिडकी, कुणाला धुराडं, कुणाला पलंग वर चढवायला वाट. मग ज्याला जे आडवं आलं ते त्यानं कापलं, वरून गिलावा फासला, आणि यथावकाश मरून गेला. रूबेनच्या वाट्याला तो गिलावा खरवडणं आलं.

"कुठल्या गाढवानं हे कापलं?" असं तो ओरडला, की शेजारपाजारची माणसं हातातलं काम ठेवून ऐकायला यायची. बेकरीवाल्याच्या घरात भट्टीसाठी कुणीतरी कोपऱ्यातला तिरपा आधार उडवला होता. तेव्हापासून ते घर शेजारच्या घरावर रेललेलं. दोन्ही घरांतली माणसं तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हती, पण घरं मात्र गळ्यात गळा घालून उभी. रूबेननं तो तुटका आधार पाहिला आणि पाऊण तास त्या अज्ञात इसमाची, त्याच्या करवतीची आणि ती करवत विकणाऱ्याची आरती केली. एकदा पाद्रीबाबांच्या घरी असंच झालं. पाद्रीबाबा मागे येऊन उभे राहिलेत हे याला ठाऊक नाही. ते हळूच म्हणाले, "रूबेन, ज्याला तू बोलतोयस तो बहुधा आपल्याच चर्चच्या आवारात पुरलेला आहे."

"मग बरंच झालं की," रूबेन म्हणाला. "जवळच आहे, ऐकू तरी जाईल."

छप्पर शाकारणारा होरेस लार्टर हा त्याचा जिवलग मित्र. एकाच घरावर हा खाली लाकडाशी, तो वर गवताशी, अशी दोघांची वर्षंच्या वर्षं गेली. होरेस वरून खाली वाकून म्हणायचा, "अरे रूबेन, तू वर गेल्यावर तुझ्या स्वागताला कोण कोण येणार, काही कल्पना आहे का? दारापासून रांग लागेल बघ. आणि प्रत्येकाच्या हातात करवत!"

"येऊ देत," रूबेन म्हणायचा. "मी काही कुणाचं कापलेलं नाही. जोडलंयच."

आणि मग पुरावा म्हणून तो आयव्हीबाई गॅरडच्या माडीवरच्या दाराची गोष्ट सांगायचा. ते दार त्यानं अठराव्या वर्षी, उमेदवारी करताना, एकट्यानं बसवलं होतं. "अडतीस वर्षं झाली, एकदा कुरकुरलं नाही. बोट लावा, उघडतं. फुंकर मारा, मिटतं." पबमध्ये ही गोष्ट इतक्यांदा झाली होती की तो "अडतीस" म्हणायच्या आतच लोक गालफडं फुगवून फुंकर मारायचे.

उमेदवारीची गोष्ट निघालीच आहे तर आकड्यांचंही सांगून टाकलं पाहिजे.

रूबेनचा उस्ताद म्हणजे म्हातारा जेबेझ विक्स. घराचा सांगाडा आधी अंगणात जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं आकडा कोरायचा, मग सगळं सुटं करून जागेवर पुन्हा उभं करायचं, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. आकडे घड्याळावर असतात तसले, रोमन. पण सुताराचा चार म्हणजे चार उभ्या रेघा. रूबेन कामाला लागल्यावरही गावच्या रात्रीच्या शाळेत मिस प्राइकबाईंच्या हाताखाली शिकत होता. बाईंचा चार निराळा: आधी एक रेघ, मग पाचाचं टोकदार चिन्ह. रूबेननं कामावर बाईंचा चार कोरला की जेबेझ टाळक्यात टपली मारायचा. "अरे शहाण्या, तुळई उलटी धरली की तुझा चार सहासारखा दिसतो! मग चाराच्या खाचेत सहाची कूस जाणार, आणि घर जाणार पाद्र्याकडे प्रार्थनेला!" उलट शाळेत चार रेघा काढल्या की बाईंची पट्टी हातावर.

एकदा त्यानं धीर करून बाईंना सांगितलं, "बाई, चर्चच्या घड्याळावर पण चार रेघाच आहेत."

बाई म्हणाल्या, "ते घड्याळ शाळेत गेलेलं नाही. तू जातोस."

त्यामुळे दीड-दोन वर्षं त्याच्या पटाशीतून कधी बाईंचा चार उतरायचा, कधी उस्तादाचा. पुढे बाईंचा चार सुटला तो कायमचा. त्या सबंध टापूत बाईंचा चार लाकडावर कोरणारा सुतार त्याच्याआधी झाला नाही आणि नंतरही झाला नाही.

राणीच्या राज्याभिषेकाला चार वर्षं झाली असतील, म्हणजे एकोणीसशे सत्तावन्न साल. त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीतून ॲब्स नावाचे तरुण साहेब जुनी घरं तपासत हिंडत होते. मोडकळीला आलेली घरं पाडायची आणि माणसांना नव्या विटांच्या बंगल्यांत न्यायचं, असा हुकूम होता. साहेब स्वभावानं गरीब. कुणाच्या घराला नापास करायची वेळ आली की आधी स्वतःच खोकायचे.

आयव्हीबाईंच्या माडीवर ते खोकले.

समोरची भिंत बाहेर झुकली होती. मधल्या आडभिंतीशी ती जिथं मिळते तिथं वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंदीची फट. साहेबांनी ओळंबा सोडला, फूटपट्टी धरली, कागदावर लिहिलं. मग फटीवर आडवी, बोटाएवढी काचेची एक पट्टी प्लास्टरनं चिकटवली आणि हिऱ्याच्या लेखणीनं तिच्यावर तारीख आणि सही कोरली.

"सहा आठवड्यांनी येईन," ते म्हणाले. "काच अखंड राहिली तर भिंत थांबली आहे असं धरू. घर राहील. तडकली, तर भिंत अजून चालते आहे. मग मात्र बाई, तुम्हाला बंगलीत जावं लागेल आणि हे उतरवावं लागेल."

आयव्हीबाईंचं वय त्रेसष्ट. उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. नवरा एमॉस जाऊन सहा वर्षं झालेली. लग्नानंतर त्या या घरात आल्या आणि नंतर दोन रात्रींहून जास्त कधी बाहेर राहिल्या नाहीत. त्यांनी साहेबांना शहाजिऱ्याच्या केकचा तुकडा दिला, फाटकापर्यंत सोडलं, आणि परत येऊन मांजराला म्हणाल्या, "आजपासून उडी मारायची नाही."

पुढचे आठ दिवस त्या घरात टाचा उचलून चालत होत्या. दारं ढकलायची नाहीत, मिटायची. होरेस मागच्या बाजूचं छप्पर शाकारत होता. त्याच्या हातातली ठोकणी त्यांनी काढूनच घेतली.

"अहो बाई, गवत काय आता समजूत घालून बसवू?"

"घाला. इतक्या जणांच्या तोंडाला पानं पुसता, गवताला चार गोड शब्द बोललात तर काय बिघडतं?"

होरेसच म्हणाला, रूबेनला बोलवा. रूबेन आला, त्यानं फट पाहिली, आडभिंत पाहिली, आणि आपल्या लाडक्या दाराच्या वरचा गिलावा बोटानं वाजवून पाहिला. पोकळ वाजला. "इथं काहीतरी आहे. भिंत बाहेर जाते म्हणजे तिला आत धरून ठेवणाऱ्या कुणीतरी हात सोडलाय. बाई, जरा गिलावा काढतो."

गिलावा पडला. धूळ बसली. समोरच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जाणारी, दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारी मोठी तुळई दिसली. नेमकी दाराच्या वर ती तोडलेली होती. डावीकडे एक थोटूक, उजवीकडे एक थोटूक, आणि मधे हवा.

रूबेनचा चेहरा फुलला. दार आपलं असलं, तरी वरची तुळई आपल्याआधीच कुणीतरी तोडलेली असणार, असं त्यानं धरूनच टाकलं. हातोडी खाली ठेवून त्यानं बाह्या वर केल्या.

"कुठल्या गाढवानं हे कापलं? नाही, मला सांगा! डोळे होते की बटणं? अरे, घराचा कमरपट्टा कापलास तू! पँटचा पट्टा कापून पाहिला असतास आधी, म्हणजे कळलं असतं काय खाली येतं ते! उस्ताद कोण तुझा? कुणी शिकवलं तुला..."

इथं तो थांबला.

दाराच्या चौकटीवरचा गिलावाही सोबत निघाला होता. चौकटीचे चार सांधे. पहिल्यावर एक रेघ. दुसऱ्यावर दोन. तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर, तुळईचं थोटूक जिथं संपतं नेमकं तिथं, मिस प्राइकबाईंचा चार.

छपरावरून होरेसचा आवाज आला, "काय रे? गप का झालास? अजून त्याच्या आईपर्यंत पोचला नाहीस."

"धूळ गेली घशात," रूबेन म्हणाला.

मग त्याला सगळं आठवलं. एमॉस गॅरड सहा फूट चार इंच. नवं लग्न. माडीवरचं दार बुटकं. जेबेझ पायाच्या दुखण्यानं अंथरुणावर, म्हणून कामाला रूबेन एकटा. दारावर गिलाव्यात लिंपलेलं एक जाड लाकूड होतं, ते त्याला चौकटीचाच भाग वाटला. करवत घातली. लाकूड जरा जास्तच जाड आहे असं मनात आलं होतं, पण अठराव्या वर्षी मनात आलेलं ऐकतो कोण? उलट एवढं जाड लाकूड एका दुपारी कापलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन त्यानं शिट्टी वाजवली होती.

खाली चुलीपाशी आयव्हीबाईंना शिव्या ऐकू आल्या होत्या, आणि त्या मधेच तुटल्या हेही. त्यांनी किटली ठेवली. रूबेन खाली आला तेव्हा त्यांनी काही न विचारता चहा ओतला.

"जुनं काम आहे," रूबेन चहा घेताना बशीकडे पाहत म्हणाला. "फार जुनं."

"असेल," आयव्हीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. ओला ओक आणून त्यानं मधला तुकडा घडवला. जुन्या थोटकांशी त्याचा तिरका सांधा जुळवायचा आणि खुंट्यांनी आवळायचा होता. सांध्यातल्या दोन्ही भोकांत जाणूनबुजून केसभर अंतर ठेवायचं, म्हणजे खुंटी ठोकली की ती सांधा स्वतःच ओढून घेते. पण त्याआधी भिंत मागे आणायला हवी होती. गाडीची साखळी दोन्ही बाजूंच्या खांबांना बांधून, मधे आटे असलेला लोखंडी दांडा लावून तो रोज सकाळी पाव फेरा फिरवायचा. जास्त नाही. "चारशे वर्षांचं हाड आहे," तो म्हणायचा. "घाई केली तर मोडतं."

चौकट काढली तेव्हा चौथ्या सांध्याचं लाकूड त्यानं गोणपाटात गुंडाळून घरी नेलं. चुलीत घालायचं होतं. पण ओकचा चांगला तुकडा जाळायला त्याचा हात उठला नाही. रंध्याच्या फळीखाली सरकवून ठेवला. नेटीनं विचारलं तर म्हणाला, "सरपण."

नवी तुळई जागेवर टेकवून पाहिली त्या दिवशी आयव्हीबाई वर आल्या. दार पुन्हा बुटकं झालं होतं. त्या खालून सरळ चालत गेल्या. मान वाकवावी लागली नाही. पलीकडे जाऊन वळल्या आणि तुळईकडे पाहू लागल्या.

"एमॉस फ्रान्सच्या खंदकात तीन वर्षं डोकं खाली घालून वाचला," त्या म्हणाल्या, "आणि घरी आल्यावर याच दारात आठवड्यात तीनदा फोडून घेतलं. चौथ्यांदा मीच म्हणाले, आता पुरे."

रूबेन खुंटी तासत होता. तासतच राहिला. ती खुंटी त्या दिवशी टूथपिकएवढी झाली.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, त्यानं रोजच्यासारखा पाव फेरा दिला आणि कुठंतरी टक् असं वाजलं.

रूबेन, आयव्हीबाई आणि चहाला वर आलेला होरेस, तिघांनीही एकदमच काचेकडे पाहिलं. साहेबांच्या सहीच्या बरोबर मधून भेग गेली होती.

आता याला काय म्हणावं? माणूस तीन-चार आठवडे साखळी आवळत भिंत आत आणायला बघतोय, आणि त्याच भिंतीवर काच चिकटवलेली आहे हे त्याच्या ध्यानातच नाही. भिंत बाहेर गेली तरी काच तडकणार, आणि आत आली तरी तडकणारच.

"वा!" होरेस म्हणाला. "बाईंचं घर वाचवता वाचवता तू त्यांना थेट बंगलीत पोचवलंस की."

"नवी काच लावू," रूबेन म्हणाला.

"आणि सही? तुझी चालेल?"

आयव्हीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "कुणी काही लावायचं नाही. साहेब येतील, पाहतील." मग म्हणाल्या, "मांजराला पाच आठवडे उगाच जमिनीवर ठेवलं."

ॲब्स साहेब ठरल्या दिवशी आले. निकाल ऐकायला होरेसही माडीवर आला. तोवर खुंट्या ठोकून तुळई पक्की झाली होती, साखळ्या निघाल्या होत्या. साहेबांनी काच पाहिली आणि ते खोकले.

"तडकली."

"तडकली साहेब," रूबेन म्हणाला, "पण भिंत आत आलीय. बाहेर नाही गेली. मीच ओढली."

"आमच्या फॉर्मवर आत-बाहेर असे रकाने नाहीत. 'हलली' आणि 'हलली नाही' एवढेच आहेत."

"मग फॉर्मलाच जरा खिडकी पाडा की, साहेब," होरेस म्हणाला.

साहेब हसले नाहीत, पण खाली वाकले. काचेचे दोन्ही तुकडे एकमेकांवर चढले होते. फट आता करंगळीही मावणार नाही एवढी बारीक. त्यांनी ओळंबा सोडला, पट्टी धरली, जुना कागद काढून पुन्हा पाहिला.

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," ते म्हणाले. "हे मला शेऱ्यात लिहिता येईल. पण शेऱ्याला कारण लागतं. भिंत मुळात बाहेर का गेली?"

"तुळई कापली होती."

"कुणी?"

"होतं कुणीतरी गाढव."

"कधी?"

"जुनं काम."

"किती जुनं?" साहेबांनी पेन उघडलं. "हे महत्त्वाचं आहे, मिस्टर थर्केटल. दोनशे वर्षांपूर्वी कापली असेल, तर इतकी वर्षं धड राहून घर आताच का सुटलं? मग दोष दुसरा आहे, पायाचा नाहीतर किडीचा, आणि तो मला दिसत नाही. अशा घराला मी राहू द्या म्हणू शकत नाही. पण तीस-चाळीस वर्षांत कापली असेल तर हिशोब सरळ आहे. कापली म्हणून गेली, जोडली म्हणून थांबली. फक्त हे कुणीतरी खात्रीनं सांगायला हवं. ज्याला माहीत आहे अशा माणसानं."

आयव्हीबाई पुढे झाल्या. "साहेब, मी सांगते..."

"बाई, तुम्ही नका," रूबेन म्हणाला. "साहेब, जरा थांबा. पाच मिनिटं."

आणि तो जिना उतरून निघून गेला.

खिडकीतून तो गल्लीच्या टोकाला वळताना दिसला. चालला नव्हता, पळत होता.

"पळाला," होरेस म्हणाला. "छप्पन्नाव्या वर्षी. मला वाटलं नव्हतं पाय एवढे चांगले असतील."

पाच मिनिटांची दहा झाली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आयव्हीबाईंनी केक पुढे केला. मग जिन्यावर धापा आल्या आणि रूबेन वर आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं लाकूड. त्यानं ते पलंगावर ठेवलं, सोडलं, आणि त्या खुणेवर बोट ठेवलं.

साहेब वाकले. "हा चाराचा आकडा आहे ना?"

"शाळेत गेलेल्याचा चार आहे साहेब. सुताराचा नाही. सुतार चार रेघा कोरतो. हा चार या टापूत एकाच गाढवानं कोरला. त्याला एक बाई पट्टी मारायच्या आणि एक म्हातारा टपल्या मारायचा, तरी तो शिकला नाही." त्यानं टोपी काढली. "तुळई मी कापली. पहिलं युद्ध संपल्यावरच्या वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, एका दुपारी. वर शिट्टीही वाजवली."

होरेस लार्टरनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तीस वर्षं तो ज्या क्षणाची वाट पाहत होता, तो समोर आला होता, आणि त्याला एक शब्द सुचत नव्हता.

"मी सांगितलं होतं त्याला," आयव्हीबाई म्हणाल्या. "दार उंच कर, म्हणून. साहेब, तेही लिहा."

"तुम्ही दार उंच कर म्हणालात, बाई. तुळई काप नाही म्हणालात."

"मला काय ठाऊक तुळई कुठली ते? मला नवऱ्याचं डोकं ठाऊक होतं."

"मग दोघांची नावं टाका साहेब," होरेसला शेवटी वाचा फुटली. "गाढवं दोन होती. एकाला जोखड ओढवत नाही."

"तुम्हाला माहीत होतं?" रूबेननं आयव्हीबाईंना विचारलं.

"त्या दिवशी शिव्या मधेच थांबल्या तेव्हा कळलं. इतकी वर्षं ऐकतेय तुला, रूबेन. तू अर्ध्यावर कधी थांबत नाहीस."

"मग बोलला का नाहीत? घर जात होतं तुमचं."

"बोलणार होते की आत्ता. पण आधी तुला संधी द्यावी म्हटलं."

साहेब लिहीत होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "सदर तुळई एकोणीसशे एकोणीस साली आर. थर्केटल, सुतार, यांच्याकडून कापली गेली..."

"सुतार नका लिहू," रूबेन म्हणाला. "तेव्हा नव्हतो. उमेदवार लिहा."

"...उमेदवार, यांच्याकडून अनवधानानं कापली गेली. सदर दोष आर. थर्केटल, सुतार, यांनी दुरुस्त केला." साहेबांनी वर पाहिलं. "इथं लिहू ना सुतार?"

रूबेननं आयव्हीबाईंकडे पाहिलं. त्यांनी नव्या तुळईवर तळहात ठेवला, जरा दाबून पाहिला, आणि म्हणाल्या, "लिहा. आता आलंय त्याला."

साहेबांनी सही केली. घर राहिलं. होरेसनं चहासुद्धा घेतला नाही. "छपराचं काम आहे," म्हणाला, आणि छपराच्या बरोबर उलट्या दिशेला, पबकडे, निघून गेला. त्या दुपारी पबमध्ये किती फुंकरी मारल्या गेल्या असतील त्याचा अंदाज ज्यानं त्यानं करावा.

साहेब फाटकाशी थांबले. एकदा मागे वळून त्यांनी ते गुलाबी चुन्याचं घर पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मला खरं म्हणजे 'हलली' लिहायला नको वाटत होतं."

"कळत होतं ते, बाळा," आयव्हीबाई म्हणाल्या. "खोकत होतास."

साहेब गेले. रूबेन हत्यारं पिशवीत भरत होता. आयव्हीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन अगदी सहज म्हणाल्या, "रूबेन, त्या नव्या बंगलीत घरातल्या घरात नळ होता म्हणे."

रूबेनचा हात पिशवीतच राहिला.

"मी काही तक्रार करत नाहीये," त्या म्हणाल्या. "विहिरीवरून आणतेच आहे इतकी वर्षं. पण घर आता राहणारच आहे, तर म्हटलं, इथं, खिडकीखाली, एखादा नळ..."

रूबेननं खिडकीखालची भिंत पाहिली. तिच्यात एक उभा खांब होता, त्याच्या पायाशी आडवी तुळई, आणि दोन्हीच्या सांध्यात खुंटी. तो गुडघ्यावर बसला. लाकडावरून त्यानं बोट फिरवलं, डावीकडून, मग उजवीकडून.

"पाइप कुठून न्यायचा, बाई?"

"ते तू बघ. तू सुतार."

तो शेवटी उठला, गुडघे झटकले आणि बाहेर जाऊन घराला पूर्ण वळसा घालून आला.

"खालून नेऊ," तो म्हणाला. "जमिनीखालून. खणायला तीन दिवस जास्त लागतील."

"लागू देत," आयव्हीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मांजराला टेबलावर चढू दिलं.